मुक्त कार्यप्रणाली आणि मालवणीचे लेखन

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या मुक्त कार्यप्रणालीचा विषय निघाला म्हणजे पहिला प्रश्न बहुधा किमतीचा विचारला जातो. ही प्रणाली विनामूल्य मिळते, सबब ती वापरणे फायद्याचे, एवढ्यावर पुष्कळदा चर्चा थांबते. वस्तुतः किंमत हा या प्रणालीचा सर्वांत गौण गुण होय. थोड्या लोकांच्या बोलीच्या दृष्टीने पाहिल्यास तिचा खरा लाभ निराळ्याच ठिकाणी आहे. आपल्या लेखनाच्या साधनात उणीव आढळली तर ती दूर करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागते, हा तो मुद्दा होय. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोलल्या जाणाऱ्या मालवणीच्या उदाहरणाने या मुद्द्याचा विचार करणे सोयीचे आहे. मालवणी बोलणारे पुष्कळ असले तरी मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात स्वतंत्र बाजारपेठ म्हणून गणले जावेत इतके ते नाहीत.

संगणकाचे यंत्र आणि ते वापरणारा मनुष्य यांच्यामध्ये जी मूलभूत आज्ञावली उभी असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावयाचे, फाईल कोठे ठेवावयाची, प्रिंटरला काय सांगावयाचे, ही सर्व व्यवस्था तिच्याकडे असते. प्रत्येक आज्ञावली प्रथम मनुष्याला वाचता येईल अशा रूपात लिहिली जाते. तिला सोर्स कोड म्हणतात. येथे तिला मूळ संहिता म्हटले आहे. यंत्रासाठी तिचे जे रूपांतर करतात, ते वाचून मनुष्याला तिचा बोध होत नाही. व्यापारी कंपन्या सामान्यतः हे रूपांतर तेवढे ग्राहकाला देतात व संहिता आपल्यापाशी ठेवतात. मुक्त प्रणालीत संहिताही हाती येते, आणि तिच्याबरोबर चार अधिकार येतात : कोणत्याही कामासाठी ती चालवण्याचा, ती अभ्यासून बदलण्याचा, तिच्या प्रती वाटण्याचा आणि बदललेल्या प्रती वाटण्याचा.

या कल्पनेचा इतिहास फार जुना नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना प्रसिद्ध झाला. सुधारलेली प्रत जो दुसऱ्यास देईल त्याने तिची संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे, हे त्या परवान्याचे मर्म होय. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्झ याने १९९१ मध्ये लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा जाहीर केला आणि १९९२ मध्ये तो याच परवान्याखाली आणला. ग्नूची साधने व लिनक्सचा गाभा यांच्या संयोगातून डेबियन (१९९३), फेडोरा (२००३), उबुंटू (२००४) यांसारख्या प्रणाली तयार झाल्या. आज बहुसंख्य लोकांच्या हाती असलेल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने स्वातंत्र्य व फुकटेपण या दोन्ही अर्थांचा बोध होत असल्यामुळे तेथे पुष्कळ गोंधळ झाला, आणि १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ ही दुसरी संज्ञा पुढे आली. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन निराळे शब्द आहेत. तेव्हा हा गोंधळ मराठीत होण्याचे कारण नाही.

२. दर्या आणि दऱ्या

लेखनाच्या साधनातील उणीव म्हणजे काय, हे एका जोडीवरून स्पष्ट होईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. एका शब्दात रफार आहे, दुसऱ्यात अर्धचंद्रासारखा अर्धा र आहे. मालवण तालुक्यातील आचरा या गावाचे नाव विभक्तीचा प्रत्यय घेताना ‘आचऱ्यात’, ‘आचऱ्याहून’ असे होते. तेथे रफार दिला तर आचार्यांचा भास होऊ लागतो. हिंदीला या चिन्हाची गरज पडत नाही. त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या साधनात ते राहून जाणे स्वाभाविक असते. पण ते राहून गेले, तर किनाऱ्यावरचा दर्या आणि सह्याद्रीच्या दऱ्या यांत लेखनापुरता भेद उरत नाही.

जुन्या पद्धतीत अशा भेदांची व्यवस्था फाँटाच्या निर्मात्यावर सोपवलेली असे. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि कोणत्या जागी कोणता तुकडा, हे प्रत्येक निर्माता आपल्या मनाने ठरवी. परिणामी फाईलमध्ये खरोखर साठवला जाई तो रोमन चिन्हांचा क्रम, आणि त्याला मराठीचे रूप देण्याची किल्ली फाँटापाशी राही. फाँट हरवला की मजकूर हरवला. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हा समान संकेत मान्य केला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेला होता. युनिकोडमध्ये ‘र’ आणि ‘ऱ’ यांना दोन स्वतंत्र स्थाने आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द प्रत्येकी पाच चिन्हांचे. फरक केवळ दुसऱ्या चिन्हाचा. हा भेद फाईलमध्येच नोंदला गेल्यामुळे फाँट कोणताही असो, अर्थ शाबूत राहतो.

बोलींच्या अभ्यासकाला याचे महत्त्व विशेष जाणवेल. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीतील ‘कुडाळी’ हा खंड १९६५ मध्ये छापला गेला. तो कोणत्याही ग्रंथालयात उघडावा आणि वाचावा. त्यासाठी मुद्रकाची परवानगी लागत नाही. त्यानंतर तीस वर्षांनी एखाद्या बंदिस्त फाँटात जुळवलेला मालवणी मजकूर मात्र तो फाँट व ती आज्ञावली उपलब्ध नसेल तर रोमन चिन्हांचा निरर्थक ढीग म्हणूनच दिसतो. कागदापेक्षा नवे साधन कागदापेक्षा अल्पायुषी ठरावे, हा दोष तंत्राचा मानता येणार नाही. संकेत गुप्त ठेवण्याच्या रीतीचा तो परिणाम आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. युनिकोड हे खुले मानक आहे आणि व्यापारी प्रणालींतही आज ते उत्तम चालते. मग मुक्त प्रणालीचे वैशिष्ट्य काय? उणीव आढळल्यावर पुढे काय घडू शकते, त्यात ते आहे. युनिकोडमधील चिन्हांपासून पडद्यावर जोडाक्षर घडवण्याचे काम हार्फबझ नावाची मुक्त आज्ञावली करते; फायरफॉक्स, लिबरऑफिस व अँड्रॉइड या तिन्हींत तीच आहे. लोहित ही मुक्त परवान्याची फाँटमाला रेड हॅट या कंपनीच्या आश्रयाने वाढली असून तीत मराठीसाठी स्वतंत्र फाँट आहे. एखादे जोडाक्षर चुकले तर या दोहोंपैकी दोष कोठे आहे हे संहिता उघडून पाहता येते, दुरुस्ती करता येते, आणि ती स्वीकारली गेली की जगभरच्या सर्व मराठी वापरकर्त्यांना मिळते. बंदिस्त साधनात तक्रार नोंदवता येते व वाट पाहता येते. त्यापुढचे पाऊल ग्राहकाच्या हाती नसते.

३. मालवणीचे स्थान

मराठीच्या बाबतीत ही वाट फार लांबणार नाही, कारण मराठीला राज्य आहे, शाळा आहेत, बाजारपेठ आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला व अक्षरांची वळणे ठरवून दिली, आणि ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे त्यांत नमूद झाली. ‘ॲ’ या अक्षराला २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. मालवणीमागे असे कोणतेही बळ नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) तिची नोंद कुडाळी या नावाने आहे. मराठी व कोंकणी यांच्या सीमेवरील ही बोली कोणाच्या घरात मोजावी, हा वाद जुना आहे, आणि संगणकाच्या व्यवस्थेत तो नव्या स्वरूपात पुढे येतो. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत कोंकणीचा एक व्यापक संकेत असून त्याच्या पोटात गोव्याची कोंकणी आणि इतर कोंकणी असे दोन विभाग आहेत. मालवणीला स्वतःचा संकेत नाही. ज्या भाषेला संकेत नाही तिचे अस्तित्व यंत्राला कळत नाही.

हे केवळ मानापमानाचे प्रकरण नव्हे. मराठीत ‘मला’, ‘तुला’, ‘कोठे’ असे म्हणतात तेथे मालवणी मनुष्य ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ म्हणतो. ‘मालवणला’ या ऐवजी ‘मालवणाक’ म्हणतो. मराठीचे शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली यांतील प्रत्येक शब्दाखाली तांबडी रेघ ओढते. शाळकरी मुलाने आपल्या आजीची गोष्ट तिच्या बोलीत उतरवावयास घेतली, तर पहिल्या ओळीपासून यंत्र त्याला सांगू लागते की ही भाषा चुकीची आहे. फोनचे शब्दसूचक साधन त्याच्याही पुढे जाते व मालवणी शब्दाच्या जागी प्रमाण मराठीतला जवळचा शब्द आणून बसवते. प्रमाणीकरणाचा जो दाब पूर्वी शाळेपुरता होता तो आता प्रत्येक वाक्यागणिक पडतो, आणि त्यामागे कोणी भाषाधोरण ठरवलेले असते असेही नाही. शब्दांच्या यादीत तो शब्द नसतो, एवढेच त्याचे कारण.

मुक्त प्रणालीत ही यादी उघडी आहे. लिबरऑफिस व फायरफॉक्स यांत शुद्धलेखन तपासणारी हनस्पेल ही आज्ञावली साध्या मजकुराच्या दोन फाईली वाचते : एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. चतुर्थीचा ‘-क’ हा प्रत्यय व त्यापूर्वीचे सामान्यरूप यांचा नियम एकदा लिहिला की ‘घराक’, ‘बाजाराक’, ‘मालवणाक’ ही सर्व रूपे शुद्ध ठरतात. यासाठी संगणकशास्त्राच्या पदवीपेक्षा मालवणीच्या व्याकरणाची जाण अधिक लागते.

दुसरे उदाहरण लोकेल या फाईलीचे. वारांची व महिन्यांची नावे, लाख-कोटीचे स्वल्पविराम, तारखेची मांडणी व अकारविल्हे हे सर्व कार्यप्रणाली एका फाईलीत वाचते. अकारविल्हे सोपे वाटते, पण ते तसे नाही. युनिकोडच्या क्रमांकांनुसार ‘ळ’ हा ‘ल’च्या लगोलग येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. म्हणून ‘माळ’, ‘मावळ’, ‘मासा’ हा यंत्राचा सरळ क्रम मराठी कोशात ‘मावळ’, ‘मासा’, ‘माळ’ असा व्हावयास पाहिजे. असे नियम लिहिलेली लोकेले ग्नूच्या मूलभूत ग्रंथालयात साठवलेली असून त्यांत मराठी व कोंकणी तर आहेतच. पण तुळू, भिल्ली, छत्तीसगढी, मगही व अंगिकाही आहेत. यांतील भिल्ली ही महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरची, तर तुळू ही याच पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे बोलली जाणारी. या भाषांचे लोकेल तयार व्हावयास त्यांच्या बाजारपेठेचा हिशेब आड आला नाही. मालवणीचे लोकेल तेथे नाही; तथापि ते करण्यास कोणी मनाई केलेली नाही, हा मुख्य भेद होय. ते करावयास बसल्यावर ‘रविवार’ लिहावा की ‘आयतवार’, अनुस्वार कोठे द्यावा, वेंगुर्ल्याचे रूप घ्यावे की देवगडचे, असे प्रश्न उभे राहतील. ते प्रश्न भाषाशास्त्राचे आहेत, आणि त्यांची उत्तरे किनाऱ्यावर शोधावी लागतील.

४. साधनाचे आयुष्य

बोलीची नोंद करावयाची तर यंत्र पाहिजे, आणि येथे अर्थव्यवहाराचा मुद्दा खऱ्या अर्थाने येतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुढील प्रणाली विंडोज ११ हिला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. परिणामी सुस्थितीत चालणारी पुष्कळ यंत्रे केवळ या अटीपायी निरुपयोगी ठरण्याची वेळ आली. मुक्त प्रणालीत एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी असे हलके पर्याय असल्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे यंत्रही लेखन, ध्वनिमुद्रण व कोशरचना या कामांना पुरते. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला सुमारे पाच वर्षे सुरक्षादुरुस्त्या मिळतात, आणि ती संपल्यावर पुढील आवृत्तीसाठी मूल्य द्यावे लागत नाही. ही प्रणाली यंत्रात बसवताना येणाऱ्या सूचनाही मराठीत वाचता येतात.

कोकणात आणखी एक अडचण आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील वीजपुरवठा विस्कळीत केला. अशा वेळी दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असणारी साधने थांबतात. मुक्त प्रणाली, तिची हजारो आनुषंगिक साधने आणि त्यांची संहिता एका डिस्कवर साठवून जवळ ठेवता येते, आणि मालवणच्या शाळेने ती आचऱ्याच्या किंवा देवगडच्या शाळेला पेनड्राइव्हवर दिली तर तो कायदेभंग होत नाही. ज्या कृत्याला इतरत्र चोरी म्हटले जाते तेच येथे परवान्याने दिलेला अधिकार असतो. विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेने स्वतः चोरीच्या प्रतींवर चालू नये, हा लाभ पैशांत मोजण्यासारखा नाही.

५. अन्यत्र आलेला अनुभव

हे सर्व केवळ तर्काने मांडलेले नाही. केरळच्या शासकीय शाळांतून संगणकशिक्षण दीर्घकाळ मुक्त प्रणालीवर दिले जात आहे व त्यासाठी मलयाळममध्ये काम करणारी प्रणाली तेथे घडवली गेली आहे. प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या पायावर बॉस ही भारतीय भाषांची प्रणाली तयार केली. केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय कार्यालयांत मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पात मुक्त साधनांचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. भाषाशास्त्रापुरते बोलावयाचे तर उच्चारांचे ध्वनिविश्लेषण करणारी प्राट ही ॲम्स्टरडॅमची आज्ञावलीदेखील मुक्त आहे. मालवणीतील अनुनासिक स्वरांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ती घरच्या यंत्रावर बसवता येते.

६. मर्यादा

लाभांबरोबर मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा अशी की, अधिकार मिळाल्याने काम होत नाही. मराठी भाषांतराचे काम स्वेच्छेने करणारे थोडे असतात. आज्ञावली पुढे जाते, भाषांतर मागे राहते, आणि अर्धी सूचना मराठीत व अर्धी इंग्रजीत दिसू लागते. परिभाषेतही एकवाक्यता राहत नाही. एकाच क्रियेला एका ठिकाणी ‘जतन करा’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘साठवा’ म्हटलेले आढळते. दुसरी मर्यादा व्यवहाराची. मुद्रणालयांतील अक्षरजुळणीच्या काही रूढ आज्ञावली या प्रणालीवर चालत नाहीत, काही प्रिंटर व स्कॅनर तिच्याशी जुळत नाहीत, आणि परिचित साधन सोडण्याचे श्रम प्रत्येकाला करावे लागतात.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. संहिता सर्वांपुढे उघडी असली म्हणजे ती कोणी वाचतोच असे नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाईली लहान करणाऱ्या मुक्त साधनात हेतुतः घातलेला चोरदरवाजा उघडकीस आला. हे साधन बहुतेक लिनक्स प्रणालींत असून त्याची देखभाल बराच काळ जवळजवळ एकाच मनुष्याच्या खांद्यावर होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इन होण्यास किंचित अधिक वेळ लागत असल्याचे जाणवले आणि त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला. संहिता हाती होती म्हणून त्याला तो घेता आला. परंतु देखभाल करणारे हात पुरेसे असते तर ती वेळ कदाचित आली नसती. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांचे असते, पण गाळ उपसावयास कोणीतरी उतरावे लागते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, मुक्त कार्यप्रणालीचा लाभ सर्व भाषांना सारखा नाही. इंग्रजीला तो सोयीचा आहे, मराठीला उपयुक्त आहे, आणि मालवणीसारख्या बोलीला तो जवळजवळ अनिवार्य आहे. कारण मोठ्या भाषेच्या उणिवा बाजार केव्हातरी भरून काढतो, लहान बोलीच्या उणिवा तिच्या बोलणाऱ्यांनाच भरून काढाव्या लागतात, आणि ते करण्याची मुभा साधनाने दिली पाहिजे. ती मुभा आज उपलब्ध आहे.

तिचा उपयोग करावयाचा तर कामाचा क्रमही स्पष्ट आहे. प्रथम मालवणी शब्दांची युनिकोडमधील एक मुक्त यादी, मग प्रत्ययांचे नियम, मग लोकेल, आणि या सर्वांना आधार म्हणून वृद्ध भाषकांचे ध्वनिमुद्रण, जे कोणत्याही एका कंपनीच्या आज्ञावलीवाचून ऐकता येईल अशा खुल्या स्वरूपात साठवलेले असेल. यांपैकी कोणतेही काम एका महाविद्यालयाच्या भाषाविभागाच्या आवाक्याबाहेरचे नाही. घाटगे यांनी १९६५ मध्ये जी नोंद कागदावर केली ती साठ वर्षांनंतरही वाचता येते. आज यंत्रावर होणारी नोंद आणखी साठ वर्षांनी वाचता येईल की नाही, हे ती कोणत्या साधनावर व कोणत्या अटींवर केली जाते यावर अवलंबून राहील.